स्टिअरिंग शाफ्टचा क्रॉस बदलणे

स्टिअरिंगच्या चाकाची फिरकी खाली रॅकपर्यंत (पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्यापर्यंत) नेणाऱ्या दांड्यातले सांधे झिजले की ते, किंवा सांध्यांसकट मधला शाफ्ट, बदलण्याचे काम. चालकापुढचे चाक आणि खालचा रॅक एका रेषेत येत नाहीत. म्हणून बहुतेक मोटारींत या दोहोंमध्ये एक आखूड शाफ्ट असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक युनिव्हर्सल जॉइंट. गॅरेजात त्याला ‘क्रॉस’च म्हणतात. त्याच्या पोटात अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा असतो आणि चारही टोकांवर बारीक सुयांच्या बेअरिंगच्या टोप्या बसतात.

सांधा जुना आहे. 16 व्या शतकातल्या जिरोलामो कार्डानो या इटालियन गणितीचे नाव त्याला चिकटले. इंग्लंडच्या रॉबर्ट हुक यांनी 1676 च्या सुमारास त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची एक खोड आहे. बाक देऊन एका बाजूने सारख्या वेगाने फिरवला, तरी दुसरी बाजू एका फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा रेंगाळते. 30 अंशांच्या बाकात हा वेग मूळच्या 0.87 पट ते 1.15 पट असा हेलकावतो. दोन सांधे मेळाने बसवले तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. एकात एक सरकणाऱ्या दोन दातेरी भागांचा शाफ्ट सुटा करून चुकीच्या दातावर जोडला की हा मेळ जातो आणि स्टिअरिंग एका जागी हलके, दुसऱ्या जागी जड लागते. म्हणून काढण्याआधी प्रत्येक जोडावर रंगाची खूण करावी.

खालचा सांधा आधी जातो, कारण चाकाने उडवलेले पाणी आणि चिखल त्याच्या वाट्याला येतो. कोकणातला पाऊस आणि खारी हवा गंजाला आणखी हात देतात. गाडी लावताना स्टिअरिंग वळवले की तळहाताला ‘खट्’ जाणवते. सुया कोरड्या पडून अडकल्या असतील तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. टोपीच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर संशय पक्का. मात्र अशीच खटखट टाय रॉड एंडचीही (रॅकला पुढच्या चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याचीही) असते. एकाने स्टिअरिंग थोडे डावे-उजवे हलवावे, दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवावे. वरचा अर्धा भाग आधी हलला आणि खालचा मागून आला, तर क्रॉसच गेला.

पुढची चाके सरळ करून बॅटरीची तार काढावी आणि एअरबॅग असेल तर मॅन्युअलात दिलेला वेळ थांबावे. स्टिअरिंगचे चाक बांधून टाकावे. शाफ्ट सुटल्यावर ते मोकळे फिरले तर आतली एअरबॅगची गुंडाळलेली पट्टी तुटू शकते. शाफ्ट पकडणारा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो रॅकच्या दांड्यावरच्या खाचेतून आडवा जातो. गंजलेल्या जोडावर गंज सोडवणारे तेल मारून तो रात्रभर तसाच ठेवावा. हातोडा मारू नये: अपघातात आत सरकण्यासाठी घडवलेला हा शाफ्ट ठोक्यांनी बिघडतो.

काही जुन्या गाड्यांत क्रॉस सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) बसतो आणि शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबून बदलता येतो. टोपीत एखादी सुई आडवी पडली तर सर्क्लिप खाचेत बसत नाही. ग्रीसने सुया भिंतीला चिकटवून ठेवाव्यात. आजच्या बऱ्याच गाड्यांत क्रॉस ठोकून बंद केलेला असतो, तिथे पूर्ण शाफ्टच घ्यावा. वेल्डिंग कधीही नाही.

सगळ्यात धोक्याची जागा बसवतानाची आहे. दांडा पुरता आत गेला नसला तरी काही जोडांत बोल्ट आवळता येतो आणि सगळे ठीक दिसते. मग जोड केवळ बोल्टच्या आवळपकडीवर टिकतो आणि रस्त्यात निसटू शकतो. बोल्ट खाचेतूनच गेला आहे ना, हे टॉर्चच्या उजेडात पाहावे आणि शाफ्ट हाताने ओढून खात्री करावी. बोल्ट नवा घ्यावा, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलातल्या आकड्यावर आवळावा.

शेवटी पुढची चाके उचलून, जॅक स्टँडवर टेकवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहावे. स्थिरता नियंत्रण असलेल्या गाडीत दिव्याची सूचना आली, तर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरने पुन्हा शून्यावर आणावा लागतो.