गावच्या धरणाच्या तपासणीचा अर्ज मेमध्ये नको, ऑक्टोबरात द्या

गावाला पाणी देणाऱ्या छोट्या धरणाचा भराव खचला, पायथ्याशी पाणी झिरपू लागलं, व्हॉल्व्ह जाम झाला, की ग्रामपंचायत अर्ज करते. उत्तरही ठरलेलं येतं. एक तर ‘प्रत्यक्ष पाहणीत गळती आढळून आली नाही’, नाहीतर ‘सदर योजना या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही’. दोन्ही उत्तरं टाळता येतात.

पहिलं उत्तर वेळेमुळे येतं. कोकणात लोकांना धरण आठवतं मे महिन्यात, पाऊस तोंडावर आला की. तेव्हा धरणात तळाला गाळ आणि गुडघाभर पाणी उरलेलं असतं. भिंतीवर दाबच नाही, तर गळती दिसणार कुठून? अभियंता येतो, कोरडा पायथा बघतो आणि खरं तेच लिहून जातो. गळती दिसते ती धरण भरलेलं असताना, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हाच तारीख दिसणारे फोटो आणि व्हिडिओ काढा आणि अर्ज तेव्हाच द्या. यात आणखी एक फायदा आहे. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा हे सगळं उरकून डिसेंबर ते मे या उघडिपीत काम व्हायला हवं असेल, तर कागद ऑक्टोबरातच हलायला लागतो. ‘पावसाळ्यापूर्वी तपासणी’ हे शब्द वाचून अनेकांना वाटतं की पावसाळ्यापूर्वी दुरुस्तीही होणार. तसं नसतं. तपासणी म्हणजे फक्त बघून अहवाल लिहिणं.

दुसऱ्या उत्तराचं मूळ मालकीत आहे. ढोबळ विभागणी सिंचन क्षमतेवर चालते: १०० हेक्टरपर्यंत जिल्हा परिषदेचा लघु पाटबंधारे विभाग, १०१ ते ६०० हेक्टर मृद व जलसंधारण, त्यावर जलसंपदा. निव्वळ पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली धरणं आणखी वेगळी. पनवेलचं देहरंग पालिकेचं, बारवी एमआयडीसीचं. खरा घोळ जुन्या धरणांचा. बांधलं एका खात्याने, हस्तांतर झालं दुसऱ्याकडे, किंवा व्हायचं ठरलं आणि कागद कपाटातच राहिला. त्यामुळे अर्जासोबत मागितलं जाणारं हस्तांतरण पत्र कोणाकडेच नसतं, ग्रामपंचायतीकडे तर नाहीच. ज्या कार्यालयाने ते जपायचं तेच कार्यालय ते गावाकडे मागतं, याला काय म्हणावं!

त्यावर वाट अशी. माहिती अधिकारात अर्ज करा: १० रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. विषय इतकाच ठेवा की अमुक गट नंबरमधल्या धरणाचा पूर्णत्व दाखला, हस्तांतरण पत्र आणि शेवटचा तपासणी अहवाल यांच्या प्रती द्याव्यात. माहिती त्या कार्यालयाकडे नसेल, तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे नाही’ एवढ्यावर गप्प बसू नका. उत्तराची मुदत ३० दिवस. त्या दरम्यान मूळ अर्ज थांबवू नका, धरण ज्या खात्याचं वाटतं त्यांना तो देऊन प्रती बाकी दोघांना आणि तहसीलदारांना लावा.

नावाकडेही लक्ष द्या. गाव ज्याला वाडीच्या नावाने ओळखतं, ते नोंदीत शेजारच्या महसुली गावाच्या नावाने असू शकतं. म्हणून अर्जात नाव, गट नंबर आणि सातबारा तिन्ही हवेत.

अर्ज एकट्या माणसालाही करता येतो, पण ग्रामसभेचा ठराव जोडला की वजन पडतं. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी संख्या लागते. आपल्याकडे निम्मी यादी मुंबईत, त्यामुळे सभा तहकूब होते. घाबरू नका, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मात्र धरणाचा विषय मूळ नोटिशीत असायलाच हवा, ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये ढकलू नका.

बाकी कागद नेहमीचे: ठरावाची प्रत, फोटो, हाताने काढलेला नकाशा. नकाशात सांडवा, व्हॉल्व्हची विहीर, गळतीची जागा आणि खालच्या वाडीतली घरं दाखवा. घरं विसरू नका, धोका किती हे त्यांच्यावरूनच कळतं.

काही जण अर्जात धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ चा हवाला देतात. त्या कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी मालकावर बंधनकारक आहे खरी, पण ती १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मीटरमधली धरणं काही अटी पुऱ्या झाल्या तरच येतात, उदाहरणार्थ साठा १० लाख घनमीटर किंवा लांबी ५०० मीटर असेल तर. उंची मोजायची ती पायाच्या तळापासून, जमिनीपासून नव्हे. डोळ्यांना बारा मीटर दिसणारं धरण म्हणूनच कायद्यात बसू शकतं. बसत नसेल, तर कलमांचा मारा करू नका, त्यावरच बोट ठेवून अर्ज फेटाळतात.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसवर माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ढकलला. खेकड्यांची, घुशींची बिळं भरावाला घातक असतातच, पण ती बुजवणं हीच तर देखभाल. अर्जात ती मोजून लिहा. भरावावर वाढलेली झाडं, माथ्यावर लांबीच्या दिशेने गेलेली भेग, सांडव्यात अडकलेले ओंडकेही लिहा.

एक गोष्ट मात्र अर्जाची नाही. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर ते नोंदवत राहा. ते गढूळ झालं, तर आतली माती वाहते आहे. तेव्हा ठराव आणि पोच यांच्यामागे लागू नका. १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करा, पोलीस पाटील आणि तलाठ्यांना सांगा, खालची घरं रिकामी करा.

पाहणीच्या दिवशी गावातला रोज व्हॉल्व्ह फिरवणारा पाणीवाला सोबत ठेवा. सरपंच चहापाण्यात राहतात, आणि नेमकी ओल कुठे ते तोच दाखवू शकतो. निघण्याआधी भेटीची नोंद लिहून घ्या आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. अहवालाची प्रत लेखी मागा, तोंडी ‘पाठवतो’ धरू नका.