सेन्सरवरची चिवट धूळ : पार्श्वभूमी

निरभ्र आकाशाच्या प्रत्येक फोटोत नेमका त्याच जागी दिसणारा करडा ठिपका ही डिजिटल छायाचित्रणाने आणलेली कटकट आहे. फिल्मच्या काळात धूळ नव्हती असे नाही. पण दर फोटोनंतर फिल्म पुढे सरके आणि नव्या चौकटीला कोरा तुकडा मिळे, त्यामुळे एखादा कण बसलाच तर तो बहुधा एकाच फोटोपुरता असे. (फिल्मच्या वाटेत अडकलेला खडा मात्र अख्ख्या रोलवर ओरखडा ओढत जाई.) डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा सेन्सर मात्र जागचा हलत नाही, आणि त्यावर बसलेला कण कोणीतरी काढेपर्यंत प्रत्येक फोटोत हजेरी लावतो.

खरे तर ही धूळ सेन्सरच्या सिलिकॉनवर नसतेच. ती त्याच्यापुढे बसवलेल्या फिल्टरच्या काचेवर असते आणि फोटोत उमटते ती तिची सावली. हे अंतर साधारण १ मिलिमीटर धरले, तर लेन्सचे छिद्र मोठे उघडे असताना, म्हणजे एफ/२.८ला, सावलीची कड सुमारे ०.३६ मिलिमीटरपर्यंत पसरून विरून जाते, तर छिद्र बारीक असताना, म्हणजे एफ/१६ला, ती जेमतेम ०.०६ मिलिमीटर पसरते आणि डाग ठसठशीत दिसतो. म्हणूनच मोठ्या छिद्राने माणसांचे फोटो काढणाऱ्याला वर्षभर ज्या धुळीचा पत्ता लागत नाही, ती बारीक छिद्राने निसर्गदृश्ये टिपणाऱ्याला पहिल्याच दिवशी छळू लागते.

हा प्रश्न सर्वांत आधी भेडसावला तो खगोलशास्त्रज्ञांना. १९६९ साली बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी पुढे सेन्सर म्हणून वापरल्या गेलेल्या सीसीडी या चिपची कल्पना मांडली आणि पुढच्या दशकात ती दुर्बिणींना जोडली जाऊ लागली. कॅमेऱ्याच्या खिडकीवरचे आणि फिल्टरवरचे कण या चित्रांत कड्यांसारखे उमटत. वेध मध्येच थांबवून कॅमेरा उघडणे परवडणारे नव्हते, म्हणून संधिप्रकाशातल्या आकाशाचे किंवा एकसारख्या उजळलेल्या पडद्याचे चित्र घ्यायचे आणि मूळ चित्राला त्याने भागायचे, ही पद्धत रुळली. अशा संदर्भचित्राला ‘फ्लॅट फील्ड’ म्हणतात. २००४च्या निकॉन डी७० कॅमेऱ्यातली धुळीचा संदर्भफोटो घेण्याची सोय किंवा कॅननची धूळ हटवण्यासाठीची माहिती-नोंद या त्याच विचाराच्या घरगुती आवृत्त्या होत. यात धूळ जागेवरच राहते, फक्त चित्रातून पुसली जाते. २००२मध्ये फोटोशॉप ७मध्ये आलेल्या ‘हीलिंग ब्रश’नेही अनेकांची हीच गरज भागवली.

प्रत्यक्ष धूळ काढण्याबाबत उत्पादक सुरुवातीपासून सावध राहिले. लेन्समागे सेन्सरच्या पुढ्यात असलेला आरसा वर करावा, हातातल्या रबरी ब्लोअरने हवा मारावी, काचेला स्पर्श करू नये आणि भागले नाही तर कॅमेरा सेवा केंद्रात द्यावा, हा माहितीपुस्तिकांतला ठरलेला सल्ला होता. छायाचित्रकारांनी तो फारसा मनावर घेतला नाही, आणि मला त्यात नवल वाटत नाही. लग्नसराईत कॅमेरा चार दिवस दुरुस्तीला कोण देईल? सेन्सरच्या रुंदीचे स्वॅब (पुसायचे मऊ बोळे), मिथेनॉलचे दोन थेंब आणि एका दिशेने एकदाच फिरवायचा हलका हात ही पद्धत अशी वापरणाऱ्यांनीच रुळवली.

२००३मध्ये ऑलिम्पसच्या ई-१ कॅमेऱ्याने वेगळी वाट काढली. सेन्सरच्या पुढे एक पातळ पारदर्शक काच हवाबंद बसवून ती दर सेकंदाला ३०,०००हून अधिक वेळा कंप पावेल अशी योजना केली होती. झटकलेले कण खालच्या चिकट पट्टीवर अडकत. २००६मध्ये सोनी अल्फा १००, कॅनन ४००डी आणि पेंटॅक्स के१०डी, तर २००७मध्ये निकॉन डी३०० स्वतःची धूळ झाडू लागले. मात्र सगळ्यांची झाडण्याची रीत एक नव्हती. सोनी आणि पेंटॅक्स यांनी हात हलल्याचा परिणाम रोखणारी यंत्रणाच वापरून अख्खा सेन्सर हलवला. कंपनाचा पल्ला तोच ठेवून वारंवारता दुप्पट केली की त्वरण चौपट होते, म्हणून मंद गतीने सेन्सर हलवण्यापेक्षा पातळ काच अतिजलद थरथरवणे अधिक परिणामकारक ठरते.

तरीही काही कण हटत नाहीत, आणि त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. कण दहापट लहान झाला की त्याला काचेशी धरून ठेवणारे बल साधारण दहापटच घटते, पण त्याचे वस्तुमान हजारपट घटते. म्हणजे त्याला झटकायला शंभरपट त्वरण लागते. त्यात हवेतला ओलावा कण आणि काच यांच्या फटीत साचला की चिकटपणा आणखी वाढतो. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात लेन्स बदलणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तिथे पाणी वाळले तरी खाऱ्या हवेतले मीठ मागे राहते.

तेलकट डागांपुढे तर कंपन हतबलच असते. सप्टेंबर २०१२मध्ये आलेल्या निकॉन डी६००च्या फोटोंत, विशेषतः डाव्या वरच्या कोपऱ्यात, ठिपके साचत असल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने फेब्रुवारी २०१३मध्ये त्याबाबत सूचना काढली, ऑक्टोबरात डी६१० बाजारात आणला आणि फेब्रुवारी २०१४मध्ये वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचीही मोफत तपासणी, सफाई आणि शटर-बदल देऊ केला. मार्चमध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने हा विषय उचलल्यावर शांघायच्या प्रशासनाने विक्री थांबवण्याचा आदेश दिला. धूळ बाहेरूनच येते असे नाही, कॅमेरा ती स्वतःही तयार करतो, हे सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचले ते या प्रकरणामुळे.

आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. २०१८च्या कॅनन ईओएस आरमध्ये कॅमेरा बंद होताच शटरचा पडदा मिटून घेण्याची सोय आली. त्यामुळे लेन्स बदलताना येणारी धूळ आता आधी पडद्यावर बसते. पडदा स्वतः मात्र फार नाजूक असतो, आणि त्यावर ब्लोअरही जपूनच वापरावा लागतो.