पुण्याची बीआरटी

रस्त्याचा काही भाग फक्त बससाठी राखून ठेवायचा आणि बस रेल्वेसारखी, वेळेवर व विनाअडथळा चालवायची, या पद्धतीला बस रॅपिड ट्रान्झिट किंवा बीआरटी म्हणतात. ब्राझीलमधील कुरितिबा शहरात 1974 मध्ये तिची सुरुवात झाली. कोलंबियातील बोगोटाच्या ‘ट्रान्समिलेनियो’मुळे (2000) ती जगभर गाजली. भारतातील पहिला प्रयोग डिसेंबर 2006 मध्ये पुण्यात, कात्रज–स्वारगेट–हडपसर या सुमारे 16 किमी. मार्गावर झाला. अहमदाबादची ‘जनमार्ग’ सेवा त्यानंतर तीन वर्षांनी आली. पहिलेपणाचा मान पुण्याकडे गेला खरा, पण बीआरटी कशी करू नये याचा दाखला म्हणूनही पुण्याचेच नाव निघते.

पुणे एके काळी सायकलींचे शहर होते. पेठा, कँप, डेक्कन एवढ्यात सारे भागत असे. जुलै 1961 मध्ये पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि पूरग्रस्तांच्या वसाहती शहराबाहेर उभ्या राहिल्या. त्याच दशकात पिंपरी-चिंचवडला औद्योगिक वसाहत आली. पुढे हिंजवडी, मगरपट्टा, खराडी येथे आयटी कंपन्या गेल्या आणि घर एका टोकाला, नोकरी दुसऱ्या टोकाला अशी रचना झाली. मुंबईत लोकलने शहराला वळण लावले. पुण्याची लोकल (1978) एकट्या लोणावळा मार्गापुरती राहिली. बाकी सारा भार बसवर. पुणे महानगरपालिकेची पीएमटी 1950 पासून, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी 1974 पासून. 2007 मध्ये दोन्ही मिळून पीएमपीएमएल झाली, तरी जुने पुणेकर अजून ‘पीएमटी’च म्हणतात. बस वेळेवर येईना, आली तर भरलेली; मग ज्याला परवडली त्याने आधी लुना, मग स्कूटर आणि मोटारसायकल घेतली. 2018 मध्ये शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या 36 लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्याही पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. त्यांत सुमारे 27 लाख दुचाकी होत्या. भंगारात गेलेली वाहनेही अशा यादीत राहतात, हे धरले तरी आकडा बोलका आहे. पुण्याचे वाहनवेड मोटारीपेक्षा आधी दुचाकीचे आहे, आणि बीआरटीचे जे झाले त्यात याचा मोठा वाटा आहे.

डिसेंबर 2005 मध्ये केंद्र सरकारची जेएनएनयूआरएम, म्हणजे शहरांच्या पायाभूत सुविधांना निधी देणारी योजना सुरू झाली. पाठोपाठ आलेल्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने (2006) वाहने हलवण्याऐवजी माणसे हलवा, असा आग्रह धरला. पुण्याने घाईघाईने सातारा रस्ता (कात्रजकडचा) आणि सोलापूर रस्ता (हडपसरकडचा) निवडले. रस्त्याच्या मधोमध बसच्या मार्गिका आखल्या आणि कठडे घालून त्या वेगळ्या केल्या. पण मार्गिका सलग नव्हती. उड्डाणपूल, अरुंद पट्टा किंवा मोठा चौक आला की ती संपे आणि बस इतर वाहनांच्या गर्दीत पडे. पुढे पुन्हा मार्गिका सुरू. म्हणजे जिथे कोंडी नव्हती तिथे बसला वाट मोकळी, आणि जिथे होती तिथे तीही सगळ्यांबरोबर खोळंबलेली.

थांबे मधोमध असल्याने प्रवाशाला आधी अर्धा रस्ता ओलांडावा लागे. ओलांडण्याची सोय पुरेशी नव्हती. पद्मावतीला किंवा भारती विद्यापीठापाशी हातात पिशवी घेतलेली वयस्क बाई पदपथाच्या कडेला उभी, वाहनांची रांग तुटत नाही, समोरच्या थांब्यावर तिची बस येते आणि निघूनही जाते, असे दृश्य नेहमीचे झाले. लोक जीव मुठीत धरून धावत. मार्गिकेत अपघात होऊ लागले आणि ‘बीआरटी म्हणजे मृत्यूचा सापळा’ ही ओरड सुरू झाली. दुसरीकडे दुचाकीस्वारांना रिकामी मार्गिका दिसली की राहवत नसे. चौकात वॉर्डन असेल तर शिट्टी वाजे. तो नसेल तर एक घुसला की त्याच्यामागे दहा. बसचालकाने हॉर्न वाजवला तर मागे वळून त्यालाच डोळे दाखवले जात. सोलापूर रस्त्यावरची मार्गिका हळूहळू नावापुरती उरली. सातारा रस्त्यावरील पट्टा पुढे नव्याने बांधायला घेतला, त्या कामाने लोकांचे आणखी हाल केले.

यातून धडा घेऊन 2015 मध्ये ‘रेनबो बीआरटी’ आली. ऑगस्ट अखेरीस संगमवाडी–विश्रांतवाडी आणि त्यानंतर लगेच सांगवी–किवळे हे मार्ग सुरू झाले. 2016 मध्ये नगर रस्त्यावर येरवडा–वाघोली मार्ग आला. येथे बंदिस्त स्थानके होती आणि फलाट बसच्या तळाच्या उंचीला आणला होता, त्यामुळे पायऱ्या चढण्याचा त्रास वाचला. रचना पहिल्या प्रयोगापेक्षा सरस होती, यात वाद नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये तर ती बऱ्यापैकी रुळली. कारण साधे आहे: तिथल्या नवनगर प्राधिकरणाने (स्थापना 1972) रस्ते आधी आखले, वस्ती नंतर आली, जुना मुंबई–पुणे महामार्गही तिथे 61 मीटर रुंद आहे. त्यावरचा निगडी–दापोडी मार्ग मात्र सुरक्षिततेच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयात अडकला आणि ऑगस्ट 2018 मध्ये सुरू झाला.

पुणे महापालिकेच्या हद्दीत वारे उलटे वाहत होते. नगर रस्त्यावर कोंडी वाढली की बोट बीआरटीकडे जाई. खराडी, विमाननगर, वाघोली भागांत ज्या वेगाने इमारती उभ्या राहिल्या, त्याच्याकडे बोट दाखवणारे थोडे. वस्तुतः अशा मार्गिकेची खरी अडचण बसची वारंवारता असते. दर मिनिटाला बस येत असेल तर मार्गिका भरलेली दिसते, घुसण्याचा मोह होत नाही आणि ती काढा म्हणण्याची कुणाची छाती होत नाही. सात-आठ मिनिटांनी एक बस येते तेव्हा शेजारी खोळंबलेल्या मोटारचालकाला रिकामा डांबरी पट्टा तेवढा दिसतो. पुण्यात मार्गिका आधी बांधली, बस पुरेशा आल्या नाहीत. अखेर 2023-24 मध्ये नगर रस्त्यावरील येरवडा–विमाननगर पट्टा उखडण्यात आला. दिल्लीने आपली बीआरटी 2016 मध्येच काढून टाकली होती, त्या मानाने पुण्याने दम धरला म्हणायचे.

त्याच नगर रस्त्याच्या बाजूने मार्च 2024 मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत पोहोचली. पुणे मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर 2016 मध्ये, पहिले दोन टप्पे 6 मार्च 2022 रोजी आणि जिल्हा न्यायालय–स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाला. बीआरटीपेक्षा तिचा खर्च कित्येक पट आहे. तरीही ती राजकीयदृष्ट्या सोपी ठरली, कारण ती डोक्यावरून किंवा पायाखालून जाते. खांब सोडले तर गाडीवाल्याची रस्त्यातली जागा मागत नाही. बीआरटीने नेमकी तीच मागितली होती. अर्थात वरून जाणेही अगदी बिनविरोध झाले नाही. लकडी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोच्या पुलामुळे विसर्जन मिरवणुकीतील रथांच्या उंचीला बंधन येणार म्हणून 2021 मध्ये गणेश मंडळांनी विरोध केला. पुण्यात बसमार्गिकेसाठी कुणी इतके हट्टाने भांडल्याचे दिसत नाही. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल तर हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोच्या आड येतो म्हणून 2020 मध्ये पाडावा लागला, आणि त्या जागी मेट्रोसह दुमजली पूल उभारण्यात आला.

मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या परिसरात जादा एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात बांधकामाची मुभा) देऊन दाट वस्ती करण्याचे धोरण आहे. प्रवासी स्थानकाजवळ राहावेत हा त्यामागचा विचार. तो कागदावर बिनतोड असला तरी अशा इमारतींतील घरे महाग असतात आणि ती घेणाऱ्याच्या दारात बहुधा आधीच मोटार असते. धुणीभांडी करणारी बाई, पथारीवाला, खासगी क्लासला जाणारा विद्यार्थी यांना अजूनही पीएमपीच लागते. मेट्रोतून उतरल्यावर घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यालाही बस किंवा रिक्षाच हवी.

वाहनांना आवर घालण्याचा दुसरा मार्ग म्हणजे रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे घेणे. मार्च 2018 मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले. गदारोळ झाला, तेव्हा आधी फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग करायचे ठरले. पुढे त्या पाच रस्त्यांवरची अंमलबजावणीही वर्षानुवर्षे रखडली.