सोबती प्राणी (टेबलटॉप भूमिकाखेळ)

टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि बोलून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिकाखेळांत एखाद्या पात्राला कायमची साथ देणारा, पण त्या पात्राहून वेगळा असा जो जीव असतो, त्याला सोबती प्राणी म्हणतात. रेंजरचा (रानवाटाड्या योद्ध्याचा) लांडगा, ड्रुइडचे (निसर्गपूजक मांत्रिकाचे) अस्वल, जादूगाराचे घुबड आणि पॅलॅडिनचा (धर्मवीराचा) घोडा ही त्याची नेहमीची रूपे होत. पगारी सैनिक आणि मंत्राने घटकाभर बोलावलेले जीव हे त्याचे जवळचे नातेवाईक असले, तरी त्यांचा विचार येथे ओघापुरताच केला आहे. या खेळांत प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो आणि उरलेले सगळे जग डंजन मास्टर, म्हणजे बोलीतला ‘डीएम’, चालवतो. सोबती प्राणी या दोघांच्या बांधावर उभा असतो. त्याच्या पत्रकावरचे आकडे खेळाडूच्या हातात असतात, पण त्याची भूक, भीती आणि अक्कल कोणाच्या ताब्यात, हे नियमपुस्तके क्वचितच सांगतात. आणि हा प्राणी नीट खेळला जातो की नाही, हे बहुतांशी याच न लिहिलेल्या भागावर ठरते.

जादूगाराच्या सोबत्याला इंग्रजीत ‘फॅमिलियर’ म्हणतात आणि हा शब्द थेट इंग्लंडमधल्या चेटकीण-खटल्यांतून आला आहे. चेटकीण आपल्याजवळ प्राण्याच्या रूपातला एक सैतानी सेवक बाळगते, अशी तिथली समजूत होती. मॅथ्यू हॉपकिन्स या चेटकीण-शोधकाने १६४७ मध्ये छापलेल्या पुस्तिकेत बैलाच्या डोक्याच्या, ‘व्हिनेगर टॉम’ नावाच्या शिकारी कुत्र्याचे वर्णन आढळते. ज्या समजुतीने माणसे फासावर गेली, तीच तीनशे वर्षांनी खेळात येऊन लाडकी झाली, हा इतिहासाचा विचित्र विनोद म्हणावा लागेल.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सोबतीचा मुख्य प्रकार प्राण्यांचा नसून माणसांचा होता. भुयारात उतरताना भाडोत्री शिपाई आणि अनुयायी बरोबर घ्यायचे, आणि ते किती मिळतील व किती निष्ठेने राहतील, हे पात्राच्या ‘करिष्मा’ या गुणावर ठरायचे. १९८१ च्या ‘बेसिक’ नियमांत ही निष्ठा मनोधैर्याच्या आकड्यात बांधलेली आहे. दोन सहाबाजूंच्या फाशांची बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आली, की सोबती पळ काढतो. सर्वांत कमी करिष्मा असलेल्या मालकाच्या नोकराचे मनोधैर्य ४ असते आणि सर्वाधिक असलेल्याच्या नोकराचे १०. इतका साधा नियम नंतरच्या आवृत्त्यांत मागे पडला याची खंत वाटते, कारण सोबत्याला स्वतःची इच्छा असते, ही गोष्ट त्याने एका फेकीत टेबलावर आणून ठेवली होती.

१९७८ च्या ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीतील फॅमिलियर बोलावण्याचा मंत्र असाच बेभरवशाचा होता. शंभर सोन्याच्या नाण्यांची सामग्री जाळायची आणि वीसबाजूंचा फासा टाकायचा. फाशाप्रमाणे काळे मांजर, कावळा, ससाणा, घुबड, बेडूक किंवा मुंगूसवजा वीझल यांपैकी कोणी यायचे, आणि आकडा १६ किंवा त्याहून वर गेला तर कोणीच यायचे नाही. आलेला प्राणी मेला, तर त्याच्या हिट पॉइंटांच्या (किती मार सोसता येईल हे सांगणाऱ्या आकड्याच्या) दुप्पट पॉइंट जादूगार कायमचे गमावत असे. दंड इतका जबर असल्यामुळे आपले मांजर खिशाबाहेर काढण्याचीही खेळाडूंना भीती वाटावी, हे ओघानेच आले.

२००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने आणि २००३ च्या तिच्या सुधारित रूपाने ड्रुइड आणि रेंजर यांच्या प्राण्यांना व्यवस्थित चौकट दिली. तिच्यातला प्राणी हाताळण्याच्या कौशल्याचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. प्राण्याला ‘ये’, ‘थांब’, ‘पहारा दे’, ‘माग काढ’, ‘आण’ अशा शिकवणी द्याव्या लागतात. पत्रकावर त्याची बुद्धी १ असेल तर तीन शिकवणी आणि २ असेल तर सहा. शिकवलेले करवून घेण्यासाठी वीसबाजूंच्या फाशात कौशल्याचा आकडा मिळवून १० चे लक्ष्य गाठावे लागते, न शिकवलेले रेटून करवून घ्यायचे तर २५ चे. ‘हल्ला कर’ ही शिकवण एकदाच दिलेला लांडगा माणसावर किंवा रानडुकरावर धावून जाईल, पण चालत्या सांगाड्यावर जाणार नाही. त्यासाठी तीच शिकवण दुसऱ्यांदा द्यावी लागते. मेलेले हाड चालू लागलेले पाहून जनावर बिचकते, हे सांगायला या नियमाला एकही विशेषण लागलेले नाही.

पुढच्या काळात वादाचा मुद्दा बदलला आणि प्राण्याच्या स्वभावाऐवजी पाळीचा हिशेब महत्त्वाचा झाला. लढाईत प्रत्येक पात्राला आपल्या पाळीत ठरावीक कृती मिळतात. एका खेळाडूकडे दोन जीव असले, तर त्याला दुप्पट कृती मिळाव्यात की एकीतच दोघांना भागवावे लागावे, हा तो प्रश्न. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतल्या ‘बीस्ट मास्टर’ रेंजरला लांडग्याकडून हल्ला करवण्यासाठी स्वतःची कृती खर्चावी लागे. पाचव्या पातळीपासून (पातळी म्हणजे पात्राच्या अनुभवाची पायरी) सोबत स्वतःचा एक वार करण्याची मुभा मिळे. त्याहून बोचरी गोष्ट जीवनशक्तीची होती. लांडग्याचे मूळ हिट पॉइंट ११ किंवा रेंजरच्या पातळीच्या चौपट, यांतला मोठा आकडा धरायचा, म्हणजे पाचव्या पातळीला २०. त्याच पातळीच्या शत्रू मांत्रिकाने ‘फायरबॉल’ टाकला, तर आठ फाशांची सरासरी २८ येते. मंत्रातून निसटण्याचे लक्ष्य १५ धरले, तर चपळाईचे +२ मिळवूनही लांडग्याला वीसबाजूंच्या फाशावर १३ किंवा जास्त हवेत, म्हणजे दहातल्या सहा वेळा तो पूर्ण होरपळतो आणि सहसा मरतो. २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकाने पर्याय दिला. त्यातल्या जमिनीवरच्या प्राण्याचे हिट पॉइंट ५ अधिक पातळीची पाचपट, म्हणजे पाचव्या पातळीला ३०, आणि त्याला आज्ञा देण्यास फक्त ‘बोनस कृती’, म्हणजे मुख्य कृतीखेरीजची छोटी कृती, पुरते. सरासरी २८ च्या आगीतून ३० वाला दोन पॉइंटांवर लंगडत बाहेर येतो. सहा वर्षांच्या तक्रारींचे सार या २० आणि ३० मधल्या फरकात आहे.

‘पाथफाइंडर’ या त्याच घराण्यातल्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हिशेब आणखी स्वच्छ केला. पात्राच्या तीन कृतींपैकी एक आज्ञेला द्यायची आणि त्या बदल्यात प्राण्याला दोन मिळायच्या. बोलावलेल्या झुंडींचा प्रश्न मात्र आकड्यांच्या समतोलाचा कमी आणि घड्याळाचा जास्त आहे. २०१४ च्या नियमांत एका मंत्राने आठ लांडगे उभे करता येत, आणि आठ चाली, आठ हल्ले, आठ जखमा मोजेपर्यंत बाकीचे चौघे मोबाइल काढून बसत. २०२४ च्या नियमांत त्या मंत्राचा एकच भुताळ कळप झाला, तो यामुळेच असावा.

टेबलावरचा व्यवहार पाहिला, तर प्राण्याचा ताबा तीन प्रकारे वाटला जातो. काही ठिकाणी सगळे खेळाडूच ठरवतो, काही ठिकाणी प्राणी पूर्णपणे डीएमचा असतो, आणि काही ठिकाणी लढाईतल्या चाली खेळाडूच्या व स्वभाव डीएमचा अशी विभागणी असते. पहिल्या पद्धतीत प्राणी हळूहळू चार पायांची तलवार होतो आणि दुसऱ्या पद्धतीत डीएमचा पाहुणा. तिसरी पद्धत सर्वांत टिकाऊ ठरते, मात्र त्यासाठी डीएमला नकार देण्याची कला यावी लागते. समजा, प्रवाशांच्या सरायमध्ये बसलेल्या अनोळखी व्यापाऱ्याकडे बोट दाखवून खेळाडू म्हणतो, “माझी लांडगीण त्याच्यावर झडप घालते.” डीएमने नुसते “ती ऐकत नाही” म्हटले, तर खेळाडूच्या हातून काहीतरी हिसकावल्यासारखे होते. त्याऐवजी तो म्हणतो, “ती दोन पावले पुढे जाते आणि थबकते. कान मागे पडलेत. ती व्यापाऱ्याकडे पाहत नाहीये, त्याच्या मागच्या बंद दाराकडे पाहून गुरगुरतेय.” आज्ञा पाळली गेलेली नाही, पण खेळाडूच्या पदरात एक बातमी पडली आहे, आणि लांडगिणीला नाक आहे हेही सर्वांना आठवले आहे. अशी वेळ सत्रातून एकदा आणावी. दर दाराशी गुरगुरणारी लांडगीण सापळे शोधण्याचे यंत्र होऊन बसते.

प्राण्याचा स्वभाव रंगवण्यासाठी मोठी पार्श्वकथा लिहिण्याची गरज नसते. त्याला काय हवे असते, तो कशाला घाबरतो आणि त्याची एखादी खोड, एवढे प्राण्याच्या एका छोट्या कार्डाच्या मागे लिहिलेले पुरते: ‘खारवलेले मासे, नाव हलली की केकाटतो, झोपताना कोणाच्या तरी जोड्यांवरच झोपतो.’ त्याच कार्डाच्या पुढच्या बाजूला हल्ला, बचाव आणि हिट पॉइंट असावेत, म्हणजे पाळी आल्यावर पुस्तक चाळावे लागत नाही. हल्ल्याचे आणि नुकसानीचे फासे एकाच वेळी, वेगळ्या रंगाचे टाकले की आणखी अर्धा मिनिट वाचते. ज्या खेळाडूचे पात्र बेशुद्ध पडले आहे, त्याच्या हाती तेवढ्यापुरता लांडगा द्यावा, ही युक्ती जुनी असली तरी अजून चालते.

टेहळणीला धाडलेल्या घुबडाची अडचण वेगळी आहे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत दहा नाण्यांच्या सामग्रीवर आणि तासाभराच्या विधीवर मिळणारा हा फॅमिलियर हल्ला करू शकत नाही. पण शंभर फुटांच्या आत जादूगाराला त्याच्या डोळ्यांनी पाहता येते, आणि तेवढा वेळ जादूगार स्वतः आंधळा व बहिरा असतो. खेळताना या दुसऱ्या अर्ध्या वाक्याचा सर्रास विसर पडतो. घुबडाला एकच हिट पॉइंट असतो, तेव्हा दर वेळी बाणाने त्याला टिपणे डीएमला सहज शक्य असले तरी ते क्षुद्रपणाचे आहे. शंभर फुटांपलीकडे जाऊन परतलेल्या घुबडाने घुबडासारखीच खबर द्यावी, हा बरा मार्ग. बुद्धी २ असलेला पक्षी पहारेकरी मोजत नाही आणि झेंडे ओळखत नाही. ‘पुष्कळ’, ‘उजेड’, ‘उंदीर नाहीत’ इतकेच त्याच्याकडून कळते. उंदीर का नाहीत, याची चर्चा मग सगळे टेबल करते, आणि एकट्या जादूगाराने अडवलेला वेळ पाचही जणांना परत मिळतो.

प्राण्याला शरीर असते, याचाही विसर पडतो. अस्वल शिडी चढत नाही, घोडा भुयारात उतरत नाही, वेशीवरचा पहारेकरी वाघ पाहून मुकाट बाजूला होत नाही. ‘क्रिटिकल रोल’ या २०१५ पासून प्रसारित झालेल्या खेळमालिकेत लॉरा बेली यांच्या पात्राबरोबर ट्रिंकेट नावाचे अस्वल होते. त्याला गळ्यातल्या एका जादुई दागिन्यात ठेवण्याची सोय पुढे झाली आणि मग ते बराच काळ तिथेच राहिले. सोय म्हणून ही तोड उत्तम आहे, पण पेटीत ठेवलेला सोबती कोणाच्याच ध्यानात राहत नाही. अडचण पूर्ण मिटवण्यापेक्षा अधूनमधून तिचा प्रसंग करावा. अस्वलाला दोरीने विहिरीतून वर ओढण्यात गेलेली वीस मिनिटे खेळाडूंना एखाद्या लढाईपेक्षा जास्त आठवतात.

मृत्यूबाबत नियमांचा कल सतत सौम्य होत गेला आहे. तिसऱ्या आवृत्तीत फॅमिलियर गेला की जादूगाराचा अनुभव कमी होई. पाचव्यात तो शून्यावर येताच नाहीसा होतो आणि पुन्हा बोलावता येतो. २०२० चा रेंजर तासाभराच्या आत आपली मंत्रशक्ती खर्चून प्राण्याला उठवू शकतो. २०१४ च्या नियमांत मात्र मेलेल्या प्राण्याच्या जागी आठ तास घालवून नवा प्राणी जोडता येई, आणि आकड्यांच्या दृष्टीने नवा लांडगा जुन्यासारखाच असे. खेळाडूंच्या दृष्टीने तो तसा नसतो. पात्र मेले तर हसत नवे पत्रक भरणारी माणसे कुत्रा मेला की खेळ थांबवतात, म्हणून पहिल्याच सत्रात डीएमने हे विचारून घ्यावे की प्राणी मरू शकतो का, आणि मरणार नसेल तर जखमी होऊन मागे पडतो की पळून जाऊन तळावर परततो. उत्तर काहीही आले तरी ते त्याच कार्डावर, माशांच्या आणि जोड्यांच्या खाली, लिहून ठेवावे.