मॅन्युअल दिलंत, आता मीटरही द्या

मीटरचे आकडे कॉम्प्युटरवर आणणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, आम्ही लिहून देतो. त्याची ऑर्डर देताना बरेच ग्राहक विचारतात, "मॅन्युअल पाठवलंय ना, मग मीटर कशाला हवा?" वागळे इस्टेटमधल्या आमच्या टेबलावर तो दोन दिवस का लागतो, ते इथे सांगतो.

एनर्जी मीटर, म्हणजे वीज मोजणारा मीटर, कॉम्प्युटरशी बहुतेक वेळा मॉडबस नावाच्या ठरलेल्या पद्धतीने बोलतो. मोडिकॉन कंपनीने १९७९ साली आणलेला हा प्रोटोकॉल साधा आहे, म्हणूनच टिकलाय. पण त्यातलं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचं घर, १६ बिटांचं. व्होल्टेज ३२ बिटांत पाठवायचं तर दोन रजिस्टरं लागतात, आणि त्यातलं आधी कुठलं, हे स्पेसिफिकेशन सांगतच नाही. मग ज्याने त्याने आपापलं ठरवलं. २३० व्होल्ट ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांशाचे आकडे साठवायची पद्धत) लिहिले की हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, ४३६६ आणि ०००० होतात. हीच जोडी उलटी वाचली की स्क्रीनवर शून्य दिसतं आणि इलेक्ट्रिशियन बिचारा वायरिंग तपासत बसतो.

शून्य परवडलं, निदान चूक कळते. एका घराने सरकलेलं रजिस्टर त्याहून वाईट. मॅन्युअलमधलं ४०००१ तारेवर ० म्हणून जातं. सुरुवातीचा ४ फक्त रजिस्टरचा प्रकार सांगतो. काही मॅन्युअलांत मात्र नुसतं '१०' छापलेलं असतं. ते १० की ९? एका कामात, जिथे प्रत्येक फेजचं व्होल्टेज एकाच रजिस्टरात होतं, आम्ही अंदाजाने १० धरलं आणि थ्री-फेजमधल्या आर फेजच्या रकान्यात शेजारच्या वाय फेजचं व्होल्टेज येत राहिलं. दोन्ही २३०च्या आसपास, त्यामुळे महिनाभर कोणाला पत्ताच नाही. चूक आमची होती. तेव्हापासून मीटर चालू करून मोजायला आधी एकटा आर फेज देतो, आकडा कुठल्या रकान्यात उमटतो ते बघतो, मगच पुढचा कोड.

मीटरला जोडणाऱ्या आरएस-४८५ लाइनच्या दोन वायरींवरच्या ए आणि बी या खुणांचंही तेच. एकाचा ए तो दुसऱ्याचा बी. वायरी अदलाबदल करून बघायच्या, सहसा काही जळत नाही.

जिथे मॅन्युअलचे दोन अर्थ निघतात तिथे आम्ही कुठला धरला आणि का, ते एका कागदावर लिहून देतो. रजिस्टरांची यादी आणि त्यांचा क्रम कोडात पक्का न करता सेटिंगमध्ये ठेवतो. उद्या रबाळ्याच्या प्लांटमध्ये दुसऱ्या कंपनीचा मीटर बसवलात तर सगळा ड्रायव्हर नव्याने लिहायला नको.

मीटर पॅनेलमधून काढता येत नसेल तर लॅपटॉप आणि तो मीटरला जोडणारा कन्व्हर्टर घेऊन आम्हीच येतो. फक्त पॅनेलची चावी ज्याच्याकडे असते तो माणूस त्या वेळी हजर हवा.