तेजस्वी दीर्घिकांच्या विलीनीकरणातील तारकागुच्छ : पार्श्वभूमी

१९८३ च्या अवरक्त आकाश-पाहणीत १०० अब्ज सूर्यांहून अधिक अवरक्त तेज असलेल्या दीर्घिका मोठ्या संख्येने आढळल्या आणि त्यांतील सर्वांत तेजस्वी दीर्घिका बहुतांशी एकमेकींत विलीन होणाऱ्या निघाल्या. नव्वदच्या दशकात हबल दुर्बिणीने अशा टकरींमध्ये, विशेषतः अँटेना या एकमेकींवर आदळणाऱ्या दोन दीर्घिकांमध्ये, शेकडो तरुण तारकागुच्छ दाखवले. त्यांतील काहींचे वस्तुमान जुन्या गोलाकार गुच्छांच्या (लाखो ताऱ्यांच्या दाट, गोल समूहांच्या) तोडीचे होते. वायूचे मेघ टकरीने दाबले गेले की असे गुच्छ जन्मतात, याविषयी फारसे दुमत उरले नाही.

खरा वाद त्यांच्या नाशाचा आहे. २००५ च्या सुमारास अँटेनामधील ठरावीक वस्तुमानावरील गुच्छांची वयानुसार मोजणी झाली, तेव्हा दहा लाख ते एक कोटी वर्षे आणि एक कोटी ते दहा कोटी वर्षे या दोन्ही वयोगटांत त्यांची संख्या साधारण सारखीच भरली. दुसरा कालखंड दहापट लांब असल्याने, जन्मदर स्थिर धरला तर वय दहापट होण्याच्या दर टप्प्यात सुमारे ९० टक्के गुच्छ विरून जातात आणि त्यात हलका-जड असा भेद नाही, असा निष्कर्ष एका पक्षाने काढला. जड गुच्छ अधिक काळ टिकतात आणि त्यांचे आयुष्य भोवतालच्या परिस्थितीवर ठरते, असे दुसरा पक्ष मानतो.

या मतभेदाचे मूळ, प्रस्तुत लेखकाच्या मते, निरीक्षणांपेक्षा यादीत कोणाला घ्यायचे या निर्णयात अधिक आहे. एक कोटी वर्षांहून कमी वयाचा दाट तारासमूह गुरुत्वाकर्षणाने बांधलेला आहे की नुसताच अजून पांगायचा राहिला आहे, हे दुरून ओळखणे कठीण असते. सगळे दाट ठिपके मोजले की तरुणांची गर्दी होते आणि पुढची गळती भयंकर भासते. विस्कळीत, तेजाची अनेक शिखरे असलेले समूह वगळले की तीच गळती बरीच सौम्य दिसते. शिवाय विलीनीकरणात जन्मदर स्थिर नसतो. तो अलीकडे वाढला असेल, तर तरुण गुच्छांचे आधिक्य केवळ जुन्यांच्या मृत्यूंमुळे नव्हे, तर वाढलेल्या जन्मांमुळेही असू शकते. हा आक्षेप पहिल्या पक्षाने जितका हलका घेतला तितका तो नाही.

उलट बाजूने पाहता, दाट मेघांचे धक्के आणि बदलती भरती-बले (गुच्छाच्या दोन बाजूंना कमी-जास्त पडणारी गुरुत्वाकर्षणाची ओढ) अशा दीर्घिकांत तीव्र असतात, त्यामुळे जलद नाशाला कारणे आहेतच. २०२२ पासून वेब दुर्बिणीच्या अवरक्त प्रतिमांत मात्र दृश्य प्रकाशात न दिसलेले, धुळीत दडलेले तरुण गुच्छ पुढे आले असून, ज्या यादीवरून हा वाद चालला तिच्यातील सर्वांत तरुण गट आता नव्याने भरावा लागत आहे.