नॉर्थकोट थॉमस संग्रह आणि समकालीन कलावंत

ब्रिटिश वसाहत खात्याने नेमलेले पहिले सरकारी मानवशास्त्रज्ञ नॉर्थकोट थॉमस (१८६८–१९३६) यांनी १९०९ ते १९१५ दरम्यान दक्षिण नायजेरिया व सिएरा लिओन येथे चार दौऱ्यांत जमवलेला संग्रह, आणि तो कलावंतांना खुला करून झालेले सर्जनशील संशोधन. संग्रहात हजारो छायाचित्रे, वापरातल्या व पूजेच्या वस्तू, वनस्पतींचे नमुने आणि मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केलेली गाणी-कथने आहेत. पुढे त्याची वाटणी झाली. वस्तू केंब्रिज विद्यापीठाच्या संग्रहालयात गेल्या, तर आवाज ब्रिटिश लायब्ररीत. ज्यांच्या आज्या-पणज्यांचे हे चेहरे, त्यांच्यापासून संग्रहाचा मोठा भाग शतकभर दूरच राहिला.

यातली सर्वांत अस्वस्थ करणारी चित्रे ‘शारीरिक प्रकार’, म्हणजे शरीराच्या ठेवणीवरून पाडलेले माणसांचे वर्ग, नोंदवण्यासाठी काढलेली आहेत. माणूस एकदा समोरून, एकदा बाजूने टिपलेला. शेजारी क्रमांकाचे कार्ड. अनेकांची नावे थॉमस यांनी नोंदवहीत लिहिली होती, पण चित्रात दिसतो तो आकडाच. दक्षिण नायजेरियातलेच बेनिनचे राज्य ब्रिटिशांनी १८९७ मध्ये लुटले, त्याला थॉमस यांचे दौरे सुरू झाले तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती, हे इथे विसरता येत नाही.

मानवशास्त्रज्ञ पॉल बसू यांच्या नेतृत्वाखाली २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘री-एंटँगलमेंट्स’ प्रकल्पाने छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे त्या-त्या गावांत परत नेली आणि पश्चिम आफ्रिकेतल्या कलावंतांना त्यांवर काम करण्यासाठी बोलावले. यातले केलानी अबास यांचे काम विशेष महत्त्वाचे. नायजेरियातल्या अबेओकुटा इथे त्यांच्या वडिलांचा छापखाना होता. छपाईच्या अक्षरांचे खिळे ठेवण्याच्या लाकडी केसेस आणि क्रमांक उमटवणारे हातयंत्र ही त्यांच्या घरची सामग्री. लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडलेल्या ‘कलोनियल इंडेक्सिकॅलिटी’ या कामात त्यांनी तीच सामग्री थॉमस यांच्या छायाचित्रांना भिडवली. माणसाला आकड्यात बसवणारी नोंदपद्धती इथे कलावंताच्या हाती येते, आणि प्रेक्षकाचे लक्ष आकड्यावरून पुन्हा चेहऱ्याकडे वळते. पुराभिलेखाबद्दलचे इतके नेमके विधान एखाद्या प्रबंधातही क्वचित सापडेल.

हेच चेहरे आजच्या लोकांना दाखवले तेव्हा कोणाला त्यांत जबरदस्ती दिसली, कोणाला ताठ स्वाभिमान, कोणाला कंटाळा. बेनिन शहरातल्या कलावंतांनीही या संग्रहावर नव्या कलाकृती केल्या. प्रकल्पाचे समारोपाचे प्रदर्शन २०२१ मध्ये केंब्रिजला भरले. मूळ वस्तूही तिथेच आहेत. गावांत परतल्या त्या प्रती.